कांद्याची मान आणि यूकॅटचे आकार

परवा एका पालकांनी तोंडावरच विचारलं, "मॅडम, खरं काय ते सांगा, आमच्या मुलात डॉक्टर व्हायचं मटेरियल आहे का? नसेल तर उगाच दोन वर्षं आणि पैसे घालवायला नकोत." मुलगा शेजारीच बसलेला, आत्ताच दहावी झालेला, खाली मान घालून बॅगेच्या चेनशी चाळा करत होता. मी सतरा वर्षं नाशिकमध्ये बायोलॉजी शिकवते, आधी कॉलेज रोडला दुसऱ्यांच्या क्लासमध्ये आणि आता घरीच छोट्या बॅचेस घेते, आणि हा प्रश्न दरवर्षी जूनमध्ये पाच-सहा जण तरी विचारतातच. मी म्हटलं, मला नाही सांगता येणार, आणि दुसऱ्या कुणी छातीठोक सांगितलं तर त्यावरही विश्वास ठेवू नका. त्यांचं समाधान झालं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. दहा मिनिटांत सगळं सांगता येत नाही म्हणून इथे लिहितेय.

खरं तर बरीच वर्षं माझंही मत असंच होतं की नीट, ही मेडिकलची देशभरची प्रवेश परीक्षा, म्हणजे नुसती घोकंपट्टी, 180 प्रश्न, 180 मिनिटं, एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातल्या ओळी पाठ करा आणि गोळे काळे करा, आणि खरी परीक्षा ती जी मुलाचं मुळातलं डोकं बघेल. एम्स या केंद्र सरकारच्या मेडिकल कॉलेजांची वेगळी परीक्षा होती तेव्हा तिच्यात थोडे प्रश्न जनरल नॉलेजचे आणि लॉजिकचे असायचे, ती परीक्षा 2020 पासून बंद होऊन सगळं नीटमध्येच गेलं तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं होतं. वाटायचं, चला, होती ती एक खिडकीपण बंद झाली.

मग 2024 च्या ऑगस्टमध्ये माझा भाचा आला. बहीण मँचेस्टरला असते, हा तिचा मोठा, तिकडे मेडिकलला जायचं म्हणून यूकॅट ही तिकडची प्रवेश परीक्षा देणार होता. ही परीक्षा 2006 मध्ये यूकेकॅट नावाने सुरू झाली आणि 2019 पासून यूकॅट झाली. फिजिक्स नाही, केमिस्ट्री नाही, बायोलॉजीसुद्धा नाही, बघायचं ते ॲप्टिट्यूड. मी मनात म्हटलं हीच ती, मला हवी असलेली परीक्षा.

पाऊस नुसता कोसळत होता, गोदेला पूर, कुठे बाहेर जायची सोय नव्हती, त्यामुळे तो दिवसभर आमच्या डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसलेला असायचा. त्याच्या परीक्षेत तेव्हा आकारांचा एक भाग होता. डावीकडे सहा चौकटी, तो सेट ए, उजवीकडे सहा, तो सेट बी, प्रत्येकात त्रिकोण, बाण, चांदण्या, काळे-पांढरे गोल, आणि मग एक नवीन चौकट दाखवणार, ही ए मधली, बी मधली की कशातलीच नाही ते सांगायचं. असे 50 प्रश्न 12 मिनिटांत, म्हणजे एकाला पंधरा सेकंदसुद्धा नाहीत. मला वाटलं इथे काय पाठ करणार? इथे तर निव्वळ डोकंच.

पहिल्या संध्याकाळी मी दहा प्रश्न सोडवले, तीन बरोबर आले. तीन पर्याय असताना डोळे मिटून बोट ठेवलं तरी तेवढे येतात! भाचा म्हणाला, "मावशी, तू सगळं एकदम बघतेस, तसं नाही बघायचं. आधी मोजायचं किती आहेत, मग कडा मोजायच्या, मग काळं-पांढरं, मग सिमेट्री, मग बाण कुठे बघतोय." त्याने ही यादी ऑनलाइन कोर्समधून घेतली होती, कोर्सचे पैसे वेगळे आणि प्रश्नपेढीच्या सबस्क्रिप्शनचे वेगळे. मी रोज रात्री भांडी आवरली की त्याच्याशेजारी बसायला लागले. पाचव्या दिवशी माझे दहातले आठ बरोबर आले. माझं वय तेव्हा 46. चार रात्रींत माझी उपजत बुद्धी वाढली असेल यावर माझा स्वतःचाच विश्वास नाही, मला फक्त कुठे बघायचं ते कुणीतरी सांगितलं होतं.

पुढे 2025 पासून यूकॅटमधून हा आकारांचा भाग काढूनच टाकला. सरावाने आणि शिकवणीने यातला स्कोअर वाढतो, आणि पुढे मूल मेडिकलला कसं करेल याचा अंदाज बाकीच्या भागांइतका यातून येत नाही, ही त्यामागची कारणं. अमेरिकेतही तेच झालेलं दिसतं. 1928 मध्ये तिकडे मेडिकलसाठी पहिली अशी परीक्षा सुरू झाली तेव्हा तिच्या नावातच ॲप्टिट्यूड होतं, आज तिची एमकॅट झालीय आणि त्यातला ए आता ॲडमिशनचा आहे. मुलं तिच्यासाठी महिनोन्‌महिने अभ्यास करतात आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही.

आता त्याच आठवड्यातल्या रविवारची गोष्ट. चांदवडकडच्या एका खेड्यातली मुलगी माझ्याकडे यायची, नीटचा एक अटेम्प्ट झालेला, थोडक्यात सीट हुकली म्हणून रिपीट करत होती. घरची शेती, कांदा. रविवारी सकाळच्या एसटीने सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मुख्य बसस्टँडला उतरायची, तिथून रिक्षा, दिवसभर माझ्याकडे टेस्ट आणि डाऊट, संध्याकाळच्या गाडीने परत. तिच्या एनसीईआरटीचं कव्हर केव्हाच गेलं होतं, खाकी कागद घालून पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं पुस्तक होतं ते. त्या रविवारी तिने पिशवीभर कांदे आणले होते, कांदा साठवायच्या चाळीतला उन्हाळ कांदा. जेवणाआधी ती स्वयंपाकघरात आली आणि न सांगता पिशवी ओट्यावर रिकामी करून एकेक कांदा हातात घेऊन त्याची मान अंगठ्याने दाबून बघायला लागली. सात-आठ किलो कांदे तिने दोन-तीन मिनिटांत पालथे घातले आणि चार बाजूला काढले, "मॅडम, हे आजच चिरा, हे टिकायचे नाहीत."

भाचा बघत होता. त्याला ते चार आणि बाकीचे यात काही म्हणजे काही फरक दिसेना. मलाही नाही दिसला. चिरले तर चारपैकी तिघांत आतली एक पाकळी तपकिरी, पाणी सुटलेली, बाहेरून साल अगदी खणखणीत. तो म्हणाला, "हाऊ डिड यू... कसं कळलं?" ती म्हणाली, "कळतं की." मी विचारलं, कधीपासून कळतं गं? तर म्हणे पहिली-दुसरीत असल्यापासून आजीबरोबर चाळीत निवडायला बसते, आधी आजी ओरडायची, चांगला कांदा खराबात टाकला की पाठीत धपाटा.

त्या ओट्याशी उभं राहून माझ्या डोक्यातला गोंधळ बराचसा संपला. आपण ज्याला उपजत म्हणतो ना, ती बरेचदा आपल्याला न दिसलेली तयारी असते. ज्या घरात जेवताना वर्तमानपत्रातल्या बातम्यांवर वाद होतात, त्या घरातल्या मुलाचं व्हर्बल रीझनिंग, म्हणजे उतारा वाचून तर्क करणं, नॅचरली चांगलं असतं. ज्या मुलीने दहा वर्षं कांदा निवडला, तिचा डोळा नॅचरली चांगला असतो. फरक एवढाच की पहिल्या तयारीवर परीक्षा आहे आणि दुसरीवर नाही. मुलामुलांत फरक असतोच, हे मी नाकारत नाही, एखादा डायग्राम एकदा बघून लक्षात ठेवतो, एखादीला सहा वेळा काढावा लागतो, सतरा वर्षांत हे रोज बघितलंय. पण तो फरक तयारीपासून वेगळा काढून मोजणारा काटा मला अजून कुठे सापडलेला नाही. म्हणून माझं मत आता पक्कं आहे, परीक्षेने तयारीलाच मार्क द्यावेत, उघडपणे द्यावेत, आणि कशाची तयारी करायची ते सगळ्यांना आधी सांगावं. ज्या परीक्षेला म्हणे तयारी लागत नाही, तिचीच तयारी पैसेवाले गुपचूप करून घेतात, आणि चांदवडच्या मुलीला मात्र वाटत राहतं की आपल्यात मटेरियलच नाही.

मग नीट बरोबर आहे का? नाही, आणि इथे मला राग येतो. तयारीला मार्क देणं वेगळं आणि विकत घेतलेल्या तासांना मार्क देणं वेगळं. या मुलीच्या ज्युनिअर कॉलेजात बारावीच्या वर्षी चार महिने फिजिक्सला शिक्षकच नव्हते. चार महिने! रोटेशनल मोशन तिने यूट्यूबवर बघून केलं, तेही रात्री, गावात रेंज आली की. आणि शहरातला मुलगा दोन वर्षं इंटिग्रेटेड बॅचला, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्रच, रोजचे डीपीपी म्हणजे सरावाचे प्रश्न, दर रविवारी मॉक, नाही झालं तर ड्रॉप, म्हणजे वर्षभर थांबून परत परीक्षा, अटेम्प्टला मर्यादा नाही आणि 2022 पासून वरची वयोमर्यादाही नाही, म्हणजे ज्याच्या घरी थांबायची ऐपत आहे तो थांबू शकतो. 2024 ला आधी 67 मुलांना 720 पैकी 720 पडले, सुधारित निकालात ते 17 झाले, आणि 2025 ला फिजिक्स इतकं अवघड काढलं की देशात पहिल्या आलेल्यालाही 686 होते. पेपर सोपा असला की वरच्या मुलांत फरक करता येत नाही, अवघड केला की एनसीईआरटीच्या पलीकडचा सराव ज्याला परवडला तो पुढे जातो.

आपल्याकडे पूर आला की आपण काय बघतो, गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. ते माप चुकीचं नाही, सगळं नाशिक त्यावर चालतं. पण त्यावरून त्र्यंबकला किती पाऊस झाला आणि गंगापूर धरणातून किती सोडलं हे वेगळं नाही कळत. नीटचा स्कोअर मला तसाच वाटतो, पाणी कुठवर आलं ते बरोबर सांगतो, पण स्वतःचा पाऊस किती आणि वरून सोडलेलं किती ते नाही सांगत. ते बघायचं असेल तर मुळात बघायची इच्छा पाहिजे. तामिळनाडूने 2020 मध्ये सरकारी शाळांत शिकून नीट पास होणाऱ्यांसाठी मेडिकलच्या 7.5 टक्के जागा वेगळ्या ठेवल्या, मला तो निर्णय फार योग्य वाटतो आणि आपल्याकडे असं काही व्हायला हवं.

मुलाखत घ्या असं म्हणणारेही भेटतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने छोट्या-छोट्या बऱ्याच मुलाखतींची पद्धत काढली, एकेका टेबलावर काही मिनिटं, प्रत्येक ठिकाणी वेगळा प्रसंग आणि वेगळा परीक्षक, आता ती जगभर वापरतात आणि कल्पना म्हणून मला आवडते. पण वीस लाखांच्या वर मुलं बसतात तिथे हे करणार कसं, आणि आपल्याकडे मुलाखत म्हटलं की पालकांचा पहिला प्रश्न असतो "कुणाची ओळख काढायची?" ओएमआर शीट, तो गोळे काळे करायचा कागद, आडनाव वाचत नाही, वडील काय करतात ते विचारत नाही, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या कागदाच्या बाजूने आहे. नेदरलँड्सने तर 1972 पासून मेडिकलच्या जागांसाठी चक्क सोडत ठेवली होती, मार्क जास्त तर नाव लागायची शक्यता जास्त, पण शेवटी चिठ्ठीच. 2017 मध्ये बंद केली आणि 2023 मध्ये परत मुभा दिली. ठराविक पातळीच्या वर सगळेच सारखे पात्र आहेत हे एखाद्या देशाने उघड मान्य करावं याचं मला कौतुक वाटतं, आपल्याकडे एका मार्कात शेकडो मुलं असतात तेव्हा त्या एका मार्काला काय अर्थ उरतो हे क्लास घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

भाच्याला तिकडे मेडिकल मिळालं, आकारांत त्याचा स्कोअर चांगला आला होता. ती मुलगी 2025 ला परत बसली, बायोलॉजी उत्तम, फिजिक्सने खाल्लं. एमबीबीएसची सीट नाही लागली, बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डिग्री, लागलं आणि घरच्यांनी आणखी एक ड्रॉप नको म्हटलं. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं, तिचं स्वप्न एमबीबीएसचंच होतं आणि ती ते पेलणारी होती, हे मी तिची मॅडम म्हणून ठामपणे सांगते. त्या पालकांना मात्र मी त्यांच्या मुलाबद्दल अजून काही सांगू शकत नाही, त्याने आठ दिवस येऊन बसावं, डायग्राम काढावेत, चुका कराव्यात, मग बोलू.

दिवाळीत ती भेटायला आली, परत कांदे घेऊन. नाडी बघायला शिकतेय म्हणाली, नाडीचं आधी काहीच कळत नाही मॅडम, सगळ्यांची सारखीच लागते, सर म्हणतात बघत राहा. मग गावात आजी, आई, काका, शेजारचे, चाळीत कामाला आलेल्या बायका, जो हाताला लागेल त्याचं मनगट धरून बसते. जुन्या फिजिक्सच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर नाव, वेळ, जेवणाआधी की नंतर, आणि बोटांना काय लागलं ते लिहिलेलं. एकशे बारा नोंदी झाल्या होत्या. मग तिने माझाही हात ओढून घेतला आणि डोळे मिटले.