३०६० की ४०६०?

आज रविवार अख्खा धाकट्याच्या खोलीत गेला. त्याच्या पीसीत आधी माझं आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र स्क्रीनवर काढणारा भाग) लावलं, मग मित्राकडून आणलेलं ४०६०. गेम तोच, फुल एचडीवर. ४०६० वर फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) सरळ जास्त मिळाल्या, आणि वीज ११५ वॅट. ३०६० ला १७० लागतात. सोलापूरच्या मे महिन्यात, वर पत्रा असलेल्या खोलीत हा फरक अंगाला कळतो.

पण टेक्श्चर, म्हणजे गेममधल्या भिंती-वस्तूंवरचा बारकावा, अल्ट्रा या वरच्या पायरीवर नेलं आणि ४०६० ची ८ जीबी मेमरी भरली. गेममधली गाडी वळणावर अडखळायला लागली, भिंतीवरची पोस्टरं क्षणभर धुरकट. ३०६० कडे १२ जीबी, ते निवांत चालत राहिलं. २०२१ चं कार्ड! टेक्श्चर एक पायरी उतरवलं की ४०६० परत पुढे.

धाकट्याला म्हटलं, तू ४०६० घे. माझं ३०६० मी विकणार नाही, लई साथ दिलीय त्यानं.