तुम्ही विचारलंत म्हणून : ती रोव्हर विकत का नाहीस?

इथे बर्मिंगहॅमला मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कोणीतरी विचारतंच, त्यामुळे एकदाच लिहून टाकतो.

रोव्हर म्हटली की लोक ‘हेड गॅस्केट’ म्हणतात, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील गेलं. आधी तो शब्द नको. ते १.८ पेट्रोलचं दुखणं. माझी गाडी ‘रोव्हर ७५’, डिझेलवाली. इंजिन बीएमडब्ल्यूचं, टायमिंगला चेन. तिची तक्रार उलटी : थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप) उघडाच अडकतो आणि इंजिन तापतच नाही. मूळ थर्मोस्टॅटपर्यंत हात पोचणं कठीण, म्हणून रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये ‘रेनो ५’ गाडीचा थर्मोस्टॅट बसवायची युक्ती बरेच डिझेलवाले करतात. मीही केली. मग ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, मॅपिंग बदलून ११६ ची १३१ हॉर्सपॉवर. कंपनीनं स्वतःच पुढे १३१ वाली विकली, तेव्हा यात पोरकटपणा नाही. एमजी झेडटी या तिच्या स्पोर्टी भावंडाच्या स्प्रिंगाही घातल्या; त्यांच्याबद्दल मात्र बायकोचं मत वेगळं आहे.

सिग्नलला उभा असताना मागून व्हॅन आदळली. बंपर, डिकीचं झाकण, एक दिवा; सांगाडा शाबूत. विमा कंपनीचा माणूस फोनवर अदबीनं म्हणाला, दुरुस्ती गाडीच्या किमतीला झेपत नाही, कॅटेगरी एन, म्हणजे सांगाडा शाबूत तरी विम्याच्या हिशेबात बाद. मी म्हटलं, अहो, केलेला प्रत्येक बदल पॉलिसीत लिहून दिलाय, त्यासाठी जास्तीचे पैसेही घेतलेत तुम्ही. तो म्हणाला, मॉडिफिकेशननं जोखीम वाढते, किंमत नाही.

गाडीतलं सामान काढायला भंगाराच्या यार्डात गेलो. काचेवर जाड मार्करनं लॉट नंबर. वायपरखालच्या पन्हाळीचे ड्रेन पानांनी तुंबले की पाणी ईसीयूत शिरतं, म्हणून ते मी नेहमी साफ करतो. सवयीनं बॉनेट उघडलं आणि पानं वेचत बसलो. भंगारात निघालेल्या गाडीची! तिथला पोरगा चहाचा कप धरून बघत होता. मला पानं टाकायला जागा सापडेना, तेव्हा त्यानं मुकाट्यानं एक बादली आणून ठेवली.

भरपाईतून भंगाराची किंमत कापून घेऊन गाडी परत आणली. डिकीचं झाकण दुसऱ्या रंगाचं आहे.

त्याआधी मी सगळ्यांना हिशेब ऐकवायचो : नव्या गाडीच्या हप्त्यांपेक्षा ही स्वस्त. हिशेब आजही बरोबर आहे. फक्त यार्डात तो मला आठवलासुद्धा नाही. ती बनली त्या लाँगब्रिजच्या कारखान्याचा जिव्हाळा म्हणाल तर तो २००५ च्या एप्रिलमध्ये बुडाला, सहा हजारांच्या आसपास लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि मी बर्मिंगहॅमला आलो त्यानंतर. माझा काय संबंध?

जून २०२१ पासून शहराच्या मध्यभागी जुन्या डिझेलला प्रदूषणापायी दिवसाला ८ पौंड लागतात. इथंच बनलेल्या गाडीला इथंच दंड, असं मी तावातावानं बोलतो. समोर दमेकरी मुलीचा बाप बसलेला असला की बोलत नाही.

मागच्या आठवड्यात एकाचा फोन आला. त्याला इंजिन आणि स्प्रिंगा हव्यात, बाकी गाडी नको. विमा कंपनीपेक्षा बरी किंमत बोलला. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.