आधी कोर्स की आधी कागद?

भाऊ, मुलगा किंवा नवरा तुरुंगातून सुटून येतोय, त्याला कोणता कोर्स लावावा, असं बडोद्यातले लोक नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: कोर्सचं नंतर बघा, आधी कागद. सरकारी प्रशिक्षणाची नोंदणी बहुतेक वेळा आधारच्या ओटीपीवर अडते. आत असताना बंद पडलेला मोबाइल नंबर एव्हाना दुसऱ्याच कुणाकडे गेलेला असतो. त्यामुळे आधार केंद्रावर त्याने स्वतः जाऊन नवा नंबर जोडून घ्यावा. बँकेच्या खात्यात दोन वर्षं व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय होतं. केवायसी दिली की ते पुन्हा सुरू होतं आणि त्याला शुल्क नसतं. सुटकेचा दाखला आणि निकालाची प्रमाणित प्रत लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून ठेवा.

आता हुनराचं. आत शिकलेलं काम आणि मकरपुरा जीआयडीसीत (इथल्या औद्योगिक वसाहतीत) लागणारं काम यांत फरक असतो, आणि माणूस तिथेच नापास होतो. वेल्डिंगच घ्या. तुरुंगातल्या कारखान्यात बहुधा पातळ पत्र्याची कपाटं, बाकं होतात. फॅब्रिकेशनवाला मात्र ट्रायलला जाड प्लेट उभी लावतो आणि खालून वर वेल्ड मारायला सांगतो. 3.15 मिमीचा रॉड आडव्या प्लेटवर ज्या करंटला छान चालतो, त्याच करंटला उभ्यावर धातू ओघळतो. करंट दहा-पंधरा टक्के उतरवावा लागतो. कडेला खाच पडली किंवा वेल्डच्या दोन थरांमधला स्लॅग (वर जमणारी मळी) नीट झाडला नाही, तर प्लेट वाकवून बघताच जोड उघडा पडतो. 7018 नंबरचा वेल्डिंग रॉड दमट झाला तर वेल्डमध्ये भोकं येतात, म्हणून तो ओव्हनमध्ये भाजून मगच वापरायचा. हे महिनाभर रोज प्लेटवर केल्याशिवाय हातात बसत नाही. म्हणून ओळखीच्या वर्कशॉपमध्ये महिनाभर हेल्पर म्हणून लावा, मग ट्रायलला पाठवा. प्रमाणपत्र असेल तर उत्तम, पण त्यावर प्रशिक्षण केंद्र म्हणून तुरुंगाचं नाव छापलेलं नाही ना, हे आतूनच तपासून घ्यायला सांगा.

सुतार, शिंपी, न्हावी, गवंडी यांच्यासाठी केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना आहे: मूलभूत प्रशिक्षणात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 चं ई-व्हाउचर, आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज 5 टक्क्यांनी. कुटुंबातल्या एकालाच मिळतं. वेल्डर योजनेतल्या 18 धंद्यांत नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

दहावी राहिली असेल तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा. मराठी माध्यम मिळतं, विषय एक-एक करूनही देता येतात, पाच वर्षं हातात असतात. पण पहिल्या सहा महिन्यांत नोकरी आणि परीक्षा दोन्ही लादू नका.

फॉर्मवरचा प्रश्न नीट वाचा. "शिक्षा झाली आहे का" आणि "खटला चालू आहे का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. निर्दोष सुटलेल्याने पहिल्याला "नाही" लिहिलं तर ते खोटं नाही. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्ट, 1958 खाली कलम 3 किंवा 4 नुसार (ताकीद देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या हमीवर) सुटलेल्याला कलम 12 मुळे दोषसिद्धीची अपात्रता लागत नाही. तो आदेश फाइलमध्ये हवाच. शिक्षा भोगलेल्याने मात्र लपवू नये. पोलीस पडताळणीत निघतंच, आणि मग काढायला कारण खोटेपणाचं मिळतं. मोठ्या कंपनीच्या गेटपेक्षा छोट्या मालकाकडे, ओळखीच्या माणसाला सोबत घेऊन जाणं म्हणूनच बरं.

जामिनावर असेल तर कोर्टाच्या तारखा आधीच सांगाव्यात. ठेकेदार महिन्यातून एक खाडा चालवून घेतो, न सांगता मारलेला खाडा नाही. पुढची तारीख कोर्टातून निघतानाच लिहून घ्यायची आणि त्याच संध्याकाळी सुपरवायझरला कळवायची.