मिओदोवा रस्ता, वॉर्सा (तैलरंग, 40×50 सेंमी): इमारतींपर्यंतचं काम

आधार अठराव्या शतकातला इटालियन चित्रकार बेल्लोत्तो याच्या 1777 च्या चित्राचा, पण हुबेहूब प्रत नाही. आकाश कापून चौकट आवळली आहे. (व्हेनिसच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेला चित्रकार कानालेत्तो त्याचा मामा. पोलंडमध्ये भाच्यालाही कानालेत्तोच म्हणतात, त्यामुळे शोधायला जावं तर व्हेनिसचे कालवे समोर येतात.)

आजच्या रस्त्याचा फोटो चित्राला लावून ‘किती अचूक’ म्हणण्यात अर्थ नाही. जर्मन ताब्याविरुद्धच्या 1944 च्या वॉर्सा उठावानंतर जर्मनांनी शहर पद्धतशीर पाडलं आणि पुन्हा बांधताना बेल्लोत्तोचीच चित्रं समोर ठेवली गेली. चित्रावरून बांधलेली भिंत चित्राशी जुळणारच! त्यात त्याने काही ठिकाणी प्रमाणंही सोयीने बदललेली आहेत. म्हणून मापं चित्रातून घेतली तर सगळी चित्रातूनच घ्यावीत. मिसळली की छपरांच्या रेषा भांडतात.

रेखाटन: क्षितिजरेषा (बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीची रेषा) खालून 14 सेंमीवर. जुन्या रस्त्यात घरं सरळ ओळीत नसतात, त्यामुळे प्रत्येक तिरक्या घराचा व्हॅनिशिंग पॉइंट (दूर जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळताना दिसतात तो बिंदू) वेगळा, पण त्याच क्षितिजरेषेवर. काही कॅनव्हासबाहेर जातात. मागे मोठा बोर्ड ठेवून त्या बिंदूंवरच्या टाचणीला दोरा बांधला.

सात खिडक्यांची भिंत अशी: जवळच्या उभ्या कडेचे सात समान भाग, त्यांपासून व्हॅनिशिंग पॉइंटकडे रेषा, मग भिंतीचा एक कर्ण. कर्ण जिथे त्या रेषांना छेदतो तिथे उभ्या रेषा टाका. अंदाजाने पाडल्या तर दूरच्या खिडक्या हमखास रुंद होतात आणि भिंत मागे जाताना दिसतच नाही.

रंग: अंडरपेंटिंग (खालचा पहिला थर) बर्न्ट अंबर (तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा), फक्त टर्पेंटाइनमध्ये पातळ. सावलीत आयव्हरी ब्लॅक नको. तो फार उशिरा वाळतो आणि वर लवकर वाळणारा थर आला की भेगा पडतात. जवसाचं तेल वरच्या थरांतच, तेही थेंबाथेंबाने वाढवत. पावसाळी हवेत थर बोटाला चिकटत असेल तर थांबा. आकाशासाठी प्रशियन ब्लू तांदळाच्या दाण्याएवढा घेतला तरी जास्त होतो.

पुढे माणसं. नजर उंचावरून आहे: इथे क्षितिजरेषा माणसाच्या दुप्पट उंचीवर धरली. म्हणजे सपाट रस्त्यावर पाय कुठेही टेकवा, डोकं पायापासून क्षितिजापर्यंतच्या बरोबर निम्म्यावर. बग्गीतल्यांना हा नियम नाही. तिथे आधी चाकं जमिनीवर बसवायची.