गप्पा मारता येतील इतकंच धावा

आमच्या मंडळाचं वार्षिक संमेलन पूर्वी एका संध्याकाळी आटपायचं. अहवालवाचन, बक्षिसं, गाणी, आभारप्रदर्शन, की लोक घरी. वर्षानुवर्षं एकाच सभागृहात बसणारी माणसं एकमेकांना बघून हसायची, पण नावं ठाऊक असतीलच असं नाही. मग एका वर्षी कार्यकारिणीने ठरवलं, संमेलनाच्या सकाळी पाच आणि दहा किलोमीटरची दौड घ्यायची आणि जमलेला निधी दीर्घ उपचार चाललेल्या रुग्णांसाठी द्यायचा. दौड म्हटली की सराव आला. सराव म्हणजे तीन महिने आधीपासून भल्या पहाटे एकत्र जमणं. संमेलनाच्या आठवणी काढायला बसलं की मला सभागृह आठवतच नाही, त्या पहाटाच आठवतात.

सराव घ्यायला आमचे सर असायचे, आयुष्यभर शाळेत व्यायाम शिकवलेले. नवख्यांना ते पहिल्या दिवशी सलग पळूच द्यायचे नाहीत. एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, पुन्हा एक मिनिट धावा. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात, पण हाडं, कंडरा आणि सांधे मागून येतात, म्हणून अंतर हळूहळू वाढवायचं आणि दमवणाऱ्या दिवसानंतर एक दिवस हलका ठेवायचा, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की आमच्या मुलांनाही पाठ झालं. वेग मोजायला घड्याळाकडे बघू नका म्हणायचे. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर. दोन शब्दांवर अडखळलात तर कमी करा.

बोलत धावायचं म्हटल्यावर मंडळातल्या माणसांना बोलावंच लागलं आणि तिथून सगळे घोटाळे सुरू झाले.

एक नवीन सभासद पहिल्याच आठवड्यात उत्साहाने जोरात सुटले. खजिनदार काकांनी त्यांना गाठून विचारलं, ‘तुम्ही अमुक ना?’ त्यांना इतकी धाप लागली होती की ‘नाही’ म्हणायलाही श्वास उरला नव्हता. त्यांनी नुसती मान हलवली. काकांना तो होकार वाटला. दुसऱ्या दिवशी काकांनी त्याच नावाने हाक मारून त्यांची चौघांशी ओळख करून दिली. आता चारचौघांत काकांना कसं सांगायचं, म्हणून हे गप्प राहिले. असं करत अख्खा सराव गेला. संमेलनात प्रमाणपत्रासाठी नाव पुकारलं, कोणी उठेना. दुसऱ्यांदा पुकारलं, तरी नाही. तिसऱ्या वेळी हे सावकाश उठले, व्यासपीठावर गेले आणि म्हणाले, ‘मीच तो, पण हे माझं नाव नाही.’ सभागृह हसलं, काका मात्र धावत वर गेले आणि त्यांनी त्यांना मिठी मारली. पुढच्या वर्षीपासून दौडीच्या क्रमांकपट्टीवर क्रमांकापेक्षा नाव मोठं छापायची पद्धत आली ती त्यामुळे. ती फार चांगली सुधारणा झाली. वाटेत अनोळखी माणूससुद्धा नावाने हाक मारून धीर देतो, तेव्हा पायांना खरंच बळ येतं.

दुसरा किस्सा हात हलवण्याचा. वळणावर समोरून येणाऱ्या एक वहिनी रोज हात वर करायच्या आणि पलीकडून चालणारे आजोबा रोज आनंदाने हात हलवून उत्तर द्यायचे. पुष्कळ दिवसांनी कळलं की वहिनी त्या ठिकाणी कपाळावरचा घाम पुसत होत्या. उलगडा झाला तेव्हा दोघंही क्षणभर ओशाळले. पण वहिनी म्हणाल्या, ‘आजोबा, उद्यापासून खराखुरा हात करते.’ आणि केला. आजोबा दौडीत उतरले ते केवळ त्या वळणासाठी, असं त्यांच्या नातवाचं म्हणणं आहे.

सगळेच प्रसंग असे हलके नव्हते. एका ताईंना बऱ्याच महिन्यांनी पाहून आमच्या एक काकू कौतुकाने म्हणाल्या, ‘अगं, किती छान बारीक झालीस! काय करतेस एवढं?’ ताई शांतपणे म्हणाली, ‘उपचार चालू आहेत काकू.’ आजूबाजूचे आम्ही सगळे गप्प झालो. कोणी लेस बांधायला वाकलं, कोणी पाण्याची बाटली उघडली. काकूंचा चेहरा उतरला होता, पण त्या तिथून हलल्या नाहीत. थोडं थांबून त्यांनी एवढंच विचारलं, ‘मग चालवेल तुला, की बसू या?’ ताई म्हणाली, ‘चालू या.’ त्या दिवशी दोघी सगळ्यांच्या मागे चालत राहिल्या. काकूंचं नाव दहा किलोमीटरच्या गटात होतं. ते त्यांनी बदलून पाचात घेतलं, कोणाला काही न सांगता. कधी ताईला दवाखान्यामुळे यायला जमायचं नाही, तेव्हा काकू एकट्याच तेवढं अंतर चालून तिला ‘आज आपलं झालं’ असा निरोप पाठवायच्या.

हा प्रसंग झाल्यावर सरांनी नियम घातला, ‘सरावात कोणाच्या अंगकाठीवर बोलायचं नाही. जाड झालात नाही, बारीक झालात नाही. झोप कशी लागली, श्वास कसा चालला, हे विचारा.’ मला हा नियम सगळ्या संमेलनांना, समारंभांना लागू करावासा वाटतो. माणसं आजारपण सांगत फिरत नाहीत, आणि आपण कौतुक म्हणून जे बोलतो ते नेमकं दुखऱ्या जागी लागतं.

सर दर वर्षी संमेलनात टेरी फॉक्सची गोष्ट सांगायचे. कर्करोगामुळे उजवा पाय गमावलेला हा कॅनडातला तरुण १२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्सहून कृत्रिम पायावर धावायला निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटरच्या आसपास. देशातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर जमावा, एवढी त्याची इच्छा. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर थंडर बेजवळ त्याला थांबावं लागलं, रोग फुप्फुसांत पोचला होता. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४० लाख डॉलरांच्या वर निधी जमला, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येइतका, हे ऐकताना खजिनदार काकांचे डोळे दर वर्षी भरून येतात. त्याच जूनमध्ये तो गेला, वय अवघं बावीस. त्याच्या नावाची पहिली दौड सप्टेंबर १९८१ मध्ये झाली आणि ती स्पर्धा म्हणून घेतली जात नाही. आमच्या दौडीतही पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत, ते सरांनी यावरूनच ठरवलं. नंबर नसल्यामुळे कोणी कोणाला मागे टाकून जायची घाई करत नाही.

दौडीच्या आदल्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणायचा, नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी, तहान लागेल तेवढंच पाणी प्यायचं. उगाच भरमसाट पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं. या सूचना ध्वनिक्षेपकावरून व्हायच्या. एकदा तो बंद करायचा राहिला आणि चिटणीस ताई कोणाला तरी विचारत होत्या, ‘हजारेक लोक येतील म्हणाले होते, एवढेच कसे?’ मैदानातून एक मुलगी ओरडली, ‘ताई, आम्ही दोनदा धावतो!’ आणि खरोखर काहीजण परत फिरून, मागे राहिलेल्यांना सोबत घेऊन पुन्हा आले. उपचार चाललेली ती ताई आणि तिच्या सोबतच्या काकू शेवटच्या होत्या. त्या येईपर्यंत कोणी प्रमाणपत्रं वाटायला सुरुवात केली नाही.

त्याच वर्षीची आणखी एक गंमत. प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलेले डॉक्टर धावण्याच्या कपड्यांत लवकर येऊन उभे राहिले. आमच्या एका स्वयंसेविकेने त्यांना नवा मदतनीस समजून पिनांची डबी हातात दिली, ‘काका, या सगळ्यांच्या पट्ट्या लावून द्या, पटपट.’ डॉक्टरांनी एक शब्द काढला नाही. चारी कोपऱ्यांना चार पिना, पिन कापडातून दोनदा काढायची म्हणजे पट्टी फडफडत नाही आणि टोक अंगाला लागत नाही, असं प्रत्येकाला दाखवत ते भराभर पट्ट्या लावत गेले. लहान मुलांच्या पिना आधी स्वतःच्या बोटावर तपासून घेत होते. व्यासपीठावरून त्यांचं नाव पुकारलं तेव्हा रांगेतली माणसं म्हणाली, ‘अहो, त्यांना सोडू नका, अजून आमच्या राहिल्यात.’ ते रांग संपवूनच वर गेले.

तेव्हापासून डबी त्यांच्याकडेच असते. यंदा कार्यकारिणीने पुन्हा पाहुणे म्हणून आमंत्रण दिलं, ते त्यांनी नाकारलं. दहा किलोमीटरच्या गटात नाव नोंदवलंय आणि पट्ट्या लावायला तासभर आधी येणार आहेत.