शिनपॅडची एक जोडी

भर दुपारी दोन वाजता ‘जरा बँकेत जाऊन येतो’ म्हणून ऑफिसातून निघालेला माणूस खरंच बँकेत गेला असेल, असं कोल्हापुरात कुणी समजत नाही. आमचे साहेबही समजत नाहीत. फाईलमधून मान वर न काढता ते एवढंच विचारतात, “मॅच कुणाची हाय?” मी म्हणतो, “आमचीच.” मग ते ‘जा’ अशी मान हलवतात. फुटबॉलच्या साखळीत त्यांची तालीम वरच्या गटातली, आमची खालच्या. त्यामुळं त्या मान हलवण्यात परवानगीपेक्षा कीव जास्त असते.

‘आमची’ म्हणजे ज्या पेठेत मी वाढलो तिथली तालीम. नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या चहाच्या गाड्यावर गुणतक्त्याची चौकशी होईल. गेली पंधरा वर्षं मी फुलेवाडीच्या बाजूला राहतो. फुलेवाडीचा स्वतःचा संघ आहे, चांगला आहे, आणि माझा मुलगा त्यांच्याकडून घसा बसेपर्यंत ओरडतो. शेजारी म्हणतात, घर बदललं, गॅसचा पत्ता बदलला, रेशनकार्ड बदललं, आता तालीमही बदला की. ते काही जमत नाही.

पुण्याहून आलेला भाचा एकदा सकाळी पेपर वाचता वाचता म्हणाला, “मामा, इथं कुस्तीच्या निकालात गोल कसे काय?” बातमी पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालमीच्या सामन्याची होती. त्याचं चुकलं नव्हतं. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, सगळ्या तालमीच. फुटबॉल क्लबाला तालीम म्हणणारं गाव बाहेरच्या माणसाला चक्रावणारच. इथं पेठेपेठेत तालीम होती, तालमीत तांबड्या मातीचा हौद होता, हौदाशेजारी मारुती होता. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं, आणि कुस्ती हा गावाचा श्वासच होऊन बसला. पुढं त्याच पोरांनी संध्याकाळी चेंडू लाथाडायला सुरुवात केली, तेव्हा त्यासाठी वेगळी पाटी रंगवायचं कुणाला सुचलं नाही. गणपती, नवरात्र, फुटबॉल, सगळ्याची वर्गणी एकाच पावतीपुस्तकावर. बऱ्याच ठिकाणी आता हौदावर फरशी आलीय, पण पाटी तीच.

मोठ्या सामन्यांचं मी काय सांगू? शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असली की त्या दिवशी गावात लग्नाचा मुहूर्तसुद्धा बेतानं काढावा. गॅलरीत झेंडे, खाली पोलीस, मोबाईलवर थेट प्रक्षेपण. काही मोसमांत नायजेरियाची पोरंही इथल्या संघांकडून खेळली, पेठेत खोल्या घेऊन राहिली. कधी कधी खेळापेक्षा गॅलरीतली दगडफेकच दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर येते. त्याचं कौतुक करणाऱ्यातला मी नाही. पोरानं फोडलेलं डोकं शेवटी त्याच्या शेजारच्याच पेठेतलं असतं.

खालच्या गटाच्या सामन्याला यातलं काहीच नसतं. ऊन असतं. चाळीसेक माणसं असतात, त्यातली दहा सावलीसाठी आलेली. पण एक सुख असतं, सगळं ऐकू येतं. चेंडू छातीवर घेतल्याचा धप्प आवाज, बचावफळीतल्या पोराचं “सोड सोड, माझा!”, रेफ्रीला शिट्टीआधी लागलेला दम. मोठ्या सामन्यात माणूस खेळ बघतो, इथं माणसं दिसतात. आमचा गोलकीपर वायरमन आहे. त्या दिवशी तो एका बंगल्यातलं फिटिंग अर्धवट टाकून आला होता. हातमोज्याच्या आत दोन बोटं एकत्र बांधलेली, आणि बांधायला चिकटपट्टी कुठली, तर तीच काळी, वायरीला गुंडाळायची.

उत्तरार्धात आम्ही एक गोलनं मागं. प्रशिक्षकांनी बदली खेळाडू उठवला. पोरगं कॉलेजातलं, उत्साहानं थरथरत मध्यरेषेपाशी उभं. सामना अधिकाऱ्यानं वाकून पायमोजे चाचपले आणि नकारार्थी बोट हलवलं. शिनपॅड नाहीत, म्हणजे मोज्याच्या आत नडगीवर घालायच्या पट्ट्या. नियम म्हणजे नियम, त्याशिवाय आत सोडत नाहीत. मग जो बाहेर येणार होता तो लंगडत आला, रेषेवर बसला, पायमोजे खाली गुंडाळले आणि घामानं चिंब झालेली जोडी काढून त्यानं पोराच्या हातात दिली. पोरानं नाक मुरडायचीही उसंत घेतली नाही. एक पॅड उलटा गेला, तो पुन्हा काढला. रेफ्री घड्याळ दाखवतोय, समोरचा संघ ओरडतोय, आणि आमचे तात्या छत्रीच्या टोकानं जमिनीवर ठोके देत म्हणतायत, “आरं लेका, नवरदेवाला बूट घालायला एवढा येळ लागत न्हाई!”

हरलोच. त्याच एका गोलनं.

आमच्याकडच्या चषक स्पर्धांत सामनावीरासोबत आणखी एक बक्षीस असतं, ‘लढवय्या खेळाडू’. मला सामनावीरापेक्षा हा शब्द जास्त आवडतो. तो बऱ्याचदा हरलेल्या संघातला असतो, आणि पेपरात शेवटच्या ओळीत त्याचं नाव येतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारत गटातले तिन्ही सामने हरला. पण त्या आठवड्यात गावात हरल्याचं तोंड करून फिरणारा माणूस मी पाहिला नाही. आपलं पोरगं जगाशी धडकून आलं, एवढ्यावर लोक खूश.

खालच्या गटातल्या साखळी सामन्यात लढवय्याला कोण विचारतो? म्हणून तात्यांनी स्वतःचं बक्षीस चालू केलंय. सामना संपला की ते पोरांकडं बघत मिनिटभर गप्प राहतात आणि एकाकडं छत्री रोखतात. त्यानं रात्री गंगावेशीत यायचं. तिथं दूध कट्ट्यावर म्हशीच्या कासेखालचं ताजं, फेसाळ दूध ग्लासात मिळतं. एक ग्लास तात्यांकडून. आम्ही बाकीचे आपापल्या पैशानं. तात्या निवृत्त गिरणी कामगार, पेन्शन किती ते विचारू नये.

त्या दिवशी मला वाटलं छत्री गोलकीपरकडं वळणार. त्यानं दोन हमखास गोल अडवले होते. तात्यांनी छत्री फिरवली ती लंगडत बाहेर आलेल्या त्या पोराकडं. “म्या काय केलं तात्या? म्या तर भाईर आलो,” तो म्हणाला. “पॅड दिलंस की,” तात्या म्हणाले. सगळे हसले. तात्या हसले नाहीत.

रात्री साडेदहाला मी घरी पोचलो. मुलगा जेवणाच्या टेबलावरूनच म्हणाला, “हरला काय?” फुलेवाडीवाला तो, त्याच्याशी काय बोलायचं. तेवढ्यात फोन वाजला. कॉलेजातलं पोरगं. “काका, पॅड तुमच्या गाडीच्या डिकीत ऱ्हायल्यात काय बघा की. गुरुवारी दोनला मॅच हाय, आणि आता एकच जोडी हाय.”

खाली जाऊन डिकी उघडली. होते. वास मात्र असा, की दुसऱ्या दिवशी बायकोनं भाजीची पिशवी हँडललाच अडकवून आणली. आता गुरुवारी साहेबांना काय सांगावं याचा विचार करतोय. बँक होऊन गेली.