दहा प्रश्न आणि पाच वाट्या दादर

एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आला, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी एका दुपारीच विषय ठरवून टाकले. विद्यार्थ्यांमधला परीक्षेचा ताण, विद्यार्थ्यांचा मोबाइल वापर, विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास. विद्यार्थी शेजारच्याच वर्गात असतात, फॉर्म वाटले की अर्ध्या तासात भरून परत येतात. त्यात चूक काही नाही. पण माझी आई दिवाळीनंतर रोज कापूस वेचायला जाते आणि संध्याकाळी डोक्याला फडकं बांधून चुलीपाशी बसते. विचारलं तर म्हणते, "काही नही, डोकं जड व्हई गे." हा जडपणा किती आहे, तिच्यासारख्या आणखी किती जणींना आहे, हे मला नीट मोजून बघायचं होतं.

आमचं गाव पारोळा तालुक्यातलं, बोलणं अहिराणी. नव्या अभ्यासक्रमात प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक (क्रेडिट) आहेत, म्हणजे वर्षभराचं काम. हा अनुभव सविस्तर लिहितेय, कारण ते वर्ष कसं जातं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

मोजायला मी 'जाणवलेला ताण' मोजणारी १० प्रश्नांची श्रेणी निवडली. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८३ मध्ये मांडली, तेव्हा तिच्यात १४ प्रश्न होते, पुढे १० प्रश्नांची आवृत्ती जास्त रुळली. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ० ते ४०. अभ्यासासाठी वापरायला पैसे पडत नाहीत. सहा प्रश्न ताणाचे, चार सामर्थ्याचे, आणि त्या चारांचे गुण उलटे मोजायचे. कागदावर सगळं सोपं वाटत होतं.

मग आचारसमिती, म्हणजे अभ्यासात भाग घेणाऱ्या माणसांना त्रास होऊ नये हे बघणारी समिती. आमच्याकडे बरेच जण याला सहीशिक्क्याचं काम समजतात, मीही तसंच समजून गेले होते. समितीत एक डॉक्टर, एक वकील, बाहेरच्या महाविद्यालयातले दोन प्राध्यापक आणि सामान्य नागरिक म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. प्राध्यापकांनी नमुना किती, चाचणी कोणती, ते विचारलं. मुख्याध्यापिका बाईंनी तीन साधे प्रश्न विचारले आणि मला एकाचंही उत्तर आलं नाही. बाई बोलता बोलता रडायला लागली तर तू काय करशील? कापूस किलोवर वेचतात, तू अर्धा तास घेतलास तर तिचा बुडालेला कापूस कोण भरून देणार? आणि जिला सही येत नाही तिची संमती कशी घेणार? मी म्हटलं, अंगठा घेईन. त्या म्हणाल्या, "आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांच्यापुढे कागद धरून अंगठा घेतला असतास, तर त्याला तू संमती म्हटलं असतंस का?"

प्रस्ताव परत आला. त्या दिवशी बसमध्ये मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक मॅडमनी मला समोर बसवून टस्कीगीची हकीकत सांगितली. अमेरिकेतल्या अलाबामात १९३२ ते १९७२, तब्बल ४० वर्षं, उपदंश झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. त्यांना आजाराचं नाव सांगितलं नाही, 'रक्त खराब आहे' एवढंच सांगितलं. पेनिसिलिन सर्रास मिळायला लागलं तरी दिलं नाही. ते उघडकीला आल्यावर जे नियम झाले, त्यांतला १९७९ चा बेलमाँट अहवाल आजही सगळीकडे आधाराला घेतात. आपल्याकडे आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात आरोग्याशी संबंधित सामाजिक आणि वर्तनशास्त्रीय संशोधनावर वेगळं प्रकरण आहे. मॅडम म्हणाल्या, "त्या माणसांशी त्यांना कळेल असं कुणी बोललंच नाही. तू निदान तेवढं कर."

तीन आठवड्यांनी मी दुरुस्त प्रस्ताव दिला. ज्यांना वाचता येत नाही त्यांची तोंडी संमती, तीही त्या बाईने स्वतः निवडलेल्या साक्षीदारासमोर. प्रत्येकीला टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि गरज पडली तर ग्रामीण रुग्णालयापर्यंत सोबत. या वेळी मंजुरी मिळाली.

प्रश्नांच्या अहिराणी अनुवादाने मात्र दोन महिने खाल्ले. मी आणि माझ्या चुलतबहिणीने वेगवेगळे अनुवाद केले, मग एकत्र बसून एक केला. ज्यांनी मूळ इंग्रजी पाहिलंच नव्हतं अशा एका शिक्षकांकडून तो पुन्हा इंग्रजीत करून घेतला आणि मूळ मजकुराशी ताडून पाहिला. 'ताण' हा शब्द आमच्या बायकांच्या तोंडी नाहीच. त्यांना ताण म्हणजे दोरीचा. शेवटी 'जीवले घोर लागना' हे सगळ्यांना कळलं. दहावा प्रश्न अडचणींचा ढीग साचून त्यातून मार्ग निघेनासा होण्याबद्दल आहे. त्याला मी 'अडचनीसना ढीग' म्हटलं, तर शेजारची मावशी लगेच म्हणाली, "उकिर्डाना मायक." म्हणजे उकिरड्यासारखा. त्या एका प्रश्नाला पुढे कधी समजावून सांगावं लागलं नाही.

गल्लीतल्या दहा जणींवर आधी चाचपणी केली आणि तिथे खरी अडचण कळली. 'कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी' या पाच उत्तरांतला फरक त्यांना लागत नव्हता. क्वचित आणि कधीकधी यांत फरक काय, हे मलाही धड सांगता येईना. आई धान्य पाखडत होती. तिच्याकडून मी पाच वाट्या मागून घेतल्या. पहिली रिकामी, दुसरीत तळाला चार दाणे, तिसरी अर्धी, चौथी पाऊण, पाचवी दादरने, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीने, काठोकाठ भरलेली. प्रश्न विचारायचा आणि म्हणायचं, वाटी दाखवा. बायका एकदम मोकळ्या झाल्या. काही जणी तर वाटी हातात घेऊन विचार करायच्या, खाली ठेवायच्या, शेजारची उचलायच्या. 'गेल्या महिन्यात' हेही बदलून 'मागच्या अमावस्येपासून' केलं, कारण घरोघरी दिवस तसेच मोजतात.

आता वावरातलं सांगते. तिथे सगळंच नव्याने शिकावं लागलं.

सुरुवातीला अंगणवाडी सेविकाताईंनी मदत केली, बायकांना बोलावून अंगणवाडीत बसवलं. अभ्यासाची माहिती देणारं पत्र वाचून झाल्यावर मी प्रत्येकीला विचारलं, मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा. दहापैकी सात जणींना ते योजनेचं काम वाटलं होतं. लाडकी बहीणचे १५०० रुपये सुरू होऊन तेव्हा काहीच महिने झाले होते. कुणाला वाटलं पैसे वाढणार, कुणाला वाटलं ही बंद करायला आलेली चौकशी आहे. एका आजीने विचारलं, "रगत काढशी का?" सगळ्या जणी 'हाव' म्हणून बसल्या होत्या, आणि ते 'हाव' सेविकाताईंच्या शब्दाखातर होतं. त्या दिवसाचे फॉर्म मी वापरले नाहीत. सेविकाताईंना मनापासून नमस्कार केला आणि पुढे एकटीच गेले.

अंगठा नको, तोंडी सांगितलं तरी चालेल, असं मी म्हणत होते, पण अंगठ्याचं नाव ऐकताच एकीने हात पदराखाली घेतला आणि नाही म्हणाली. पूर्वी एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने कर्जाच्या कागदावर अंगठा दिला होता, त्याचा हप्ता ती अजून फेडत होती. मुख्याध्यापिका बाई मला तेव्हा फार आठवल्या.

घरी जाऊन बोलावं तर सासू शेजारी बसलेली, नवरा खाटेवर. वावरात बोलावं तर लागूनच्या ओळीत दुसरी बाई. आणि वेचणीतली पंचवीस मिनिटं म्हणजे दोन-अडीच किलो कापूस. शेवटी चुलतबहीण कामाला आली. ती सकाळी दहिवर असतानाच माझ्याबरोबर निघायची. मी जिच्याशी बोलणार तिची झोळी बहीण स्वतःच्या कमरेला बांधायची आणि तिची ओळ वेचायची. कापूस त्या बाईच्याच खात्यावर तोलला जायचा. मी आणि ती बाई बांधावरच्या निंबाखाली बसायचो, सगळ्यांना दिसू पण कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या अंतरावर. पहिल्या आठवड्यात बहिणीची बोटं वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी सोलून निघाली. अहवालात ऋणनिर्देशात तिचं नाव आहे, पण ते पुरेसं आहे असं मला वाटत नाही.

चौथा प्रश्न आहे, आपल्या अडचणी आपण निभावून नेऊ असा भरवसा किती वेळा वाटला. बायकांनी एकामागून एक पाचवी वाटी दाखवली. मी एकीला विचारलं, एवढा भरवसा? ती म्हणाली, "मी नही करसू तं कोन करी?" श्रेणीच्या लेखी हे सामर्थ्य, म्हणजे कमी ताण. तिच्या लेखी दुसरा कुणी नाही म्हणून ते करणं आलं. हे वाक्य मी वहीच्या कडेला लिहून ठेवलं आणि नंतर सगळं गणित त्या वाक्यापाशीच अडलं.

एकीने मला अशी गोष्ट सांगितली की मी सहावा प्रश्न विचारलाच नाही. ती काय म्हणाली ते मी इथे लिहिणार नाही. त्याच संध्याकाळी मॅडमना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर ग्रामीण रुग्णालयात गेले. तिचा फॉर्म अभ्यासात नाही.

याच काळात वरच्या वर्गातल्या एकाने प्रेमाने सल्ला दिला, उरलेले फॉर्म घरी बसून भर, कोण बघतंय. असं होतं, हे सगळ्यांना माहीत आहे आणि मोठ्याने कुणी बोलत नाही. मला त्याचा राग आला नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या वहीत त्या बायकांचे दाणे मोजलेले होते. त्यांच्या शेजारी खोटे दाणे कसे मांडणार?

संगणकावर आकडे घातले आणि श्रेणीची अंतर्गत सुसंगती, म्हणजे तिचे प्रश्न एकमेकांना धरून आहेत का, ते तपासलं. त्याचा आकडा, क्रॉनबॅक अल्फा, साधारण ०.७० च्या वर असावा असा संकेत आहे, माझा त्याच्या बराच खाली आला. मॅडमनी विचारलं, चार प्रश्न उलटवलेस का? उलटवले होते. मग त्यांनी ते चार वेगळे काढून बघायला सांगितलं. ताणाचे सहा प्रश्न एकमेकांना धरून होते, सामर्थ्याचे चार त्यांच्याशी जुळत नव्हते. या श्रेणीचे असे दोन भाग पडतात हे आधीच्या अभ्यासकांनीही दाखवलंय. पण आमच्या वावरात ते का पडले, ते माझ्या वहीच्या कडेला लिहिलेलं होतं. एकूण बेरीज न देता मी दोन्ही भाग वेगळे मांडले आणि ते वाक्य जसंच्या तसं अहिराणीत अहवालात घातलं. टंकलेखन करणाऱ्या दादांनी ते चूक समजून दोनदा शुद्ध मराठी केलं, दोनदा मी परत बदललं.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, प्रस्तावात ६० आणि इथे ५०, असं का? मी परिशिष्ट उघडून दाखवलं. नऊ जणींनी नाही म्हटलं, एकीची मुलाखत मी थांबवली. नकाराची कारणंही, त्यांनी सांगितली तेवढी, लिहिली होती. एवढ्या आकड्यावरून खान्देशाबद्दल काही बोलता येत नाही, हे त्यांनी म्हणण्याआधी मीच म्हटलं. ते त्या पानावर बराच वेळ थांबले, मग पुढचा प्रश्न थेट अनुवादाचा विचारला.

त्याआधी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), मी गावात निकाल सांगायला गेले होते. आखाजीला वेचणी नसते, लेकी माहेरी आलेल्या असतात, झोक्यापाशी सगळ्या भेटतात. कर्जाच्या हप्त्याच्या दिवसाबद्दल किती जणी बोलल्या, घोर कशाकशाचा लागतो, हे नाव न घेता सांगितलं. बायकांनी ऐकलं, आपसात बोलल्या. अंगठ्याच्या नावाने हात पदराखाली घेतलेली ती बाई निंबाच्या बुंध्याला टेकून उभी होती. सगळ्या पांगल्यावर ती पुढे आली. म्हणाली, "आते माले बी इचार."

मी सांगितलं, आता फॉर्म संपले, अहवाल छापून झाला, तुमचं उत्तर त्यात येणार नाही.

"नही तं नही. इचार."

घरून वाट्या आणल्या, दादर भरली. तिने पहिला प्रश्न ऐकला, थोडा वेळ वाट्यांकडे बघत राहिली आणि चौथी वाटी आपल्याकडे ओढली.